एकच थीम पाच लेव्हलला वेगवेगळी कशी वाजवायची? (पन्हाळा ते विशाळगड गेम)

पांढरीपाच, कोल्हापूर

नमस्कार मंडळी. मी आणि माझा मावसभाऊ मिळून एक छोटा मोबाईल गेम करतोय, कोड त्याचा आणि म्युझिक माझ्याकडं. विषय १६६० चा पन्हाळ्याचा वेढा. लेव्हल पाच आहेत, गड, मग पावसातली रात्र, मसाई पठार, घोडखिंड आणि शेवटी विशाळगडाच्या तोफा.

अडचण अशी झालीय की मी पाच लेव्हलना पाच वेगळ्या चाली केल्या. सुटी सुटी ऐकली तर प्रत्येक बरी वाटते. पण गेल्या रविवारी घरातल्या पोरांना गेम खेळायला दिला, अर्धा तास मन लावून खेळली, नंतर म्हटलं यातली कुठलीही एक चाल गुणगुणून दाखवा, तर एकालाही येईना. आणि मी तिसरीत असताना टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेमवर मारिओ खेळलोय, त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी ती चाल मला आजही पहिल्या सुरापासून येते. मला तेच पाहिजे. पोरगं शाळेतनं घरी येताना गुणगुणलं पाहिजे.

पाचातली गडाची चाल मला सगळ्यात जवळची वाटते, भूप रागात आहे, पांढरी पाचमध्ये वाजवतो, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीला सा धरून:

ग प ध – । प ग रे – । सा रे ग रे । सा – – –

हीच धरून बाकीच्या चार कशा करायच्या? नुसतं वाद्य बदललं की तेच तेच वाटतं, आणि जास्त बदललं की ओळखूच येत नाही. ज्यांनी गेमचं म्युझिक नीट कान देऊन ऐकलंय त्यांनी सांगा.

---

चिपट्यून_राजारामपुरी

भावा मुखडा चांगला आहे, त्याच्यावरच काम कर, बाकीच्या चार बाजूला ठेव.

तू मारिओचं नाव काढलंस म्हणून त्याच्यापासनंच सुरू करतो. १९८५ ची चाल, कोजी कोंडो यांची. सुरुवात बघ, ग ग, ग, सा ग, प आणि मग एकदम खालचा प. सूर सोपे आहेत, जादू मधल्या थांब्यांत आहे. ग ग (थांब) ग (थांब) सा ग (थांब) प. आता पेटी बंद कर आणि हे नुसतं टाळीवर वाजवून कुणालाही ऐकव, निम्मी माणसं ओळखतील. थीम टिकते ती अशी, सुरांच्या आधी तिचा ठेका डोक्यात बसतो. तुझा मुखडा टाळीवर वाजवून बघितला तर एक दोन तीन थांब, एक दोन तीन थांब, हे कुठल्याही चालीचं असू शकतं. पहिल्या "ग" च्या आधी अर्धी मात्रा मोकळी सोड, म्हणजे उठाव समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, न येता तिच्या जरा नंतर येईल, बघ लगेच चेहरा येतो का नाही.

दुसरं म्हणजे मारिओ चालायचा त्या जुन्या मशीनमध्ये एकावेळी वाजायला मोजून पाच मार्ग होते, दोन चौकोनी लाटेचे, एक त्रिकोणी लाटेचा जो बहुतेक वेळा बेसला वापरायचे, एक खरखरीचा तालासाठी, आणि एक छोट्या सॅम्पलचा, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या तुकड्याचा. त्यातच नाण्याचा आणि उडीचा आवाज पण बसवायचा! म्हणजे तू नाणं घेतलंस की तेवढ्यापुरता चालीतला एक आवाज गप्प व्हायचा. एवढ्या अडचणीतसुद्धा चाल ओळखू यायची कारण ती मुळातच दोन आवाजात उभी होती. तू पण आधी फक्त पेटी आणि एक बेस एवढ्यावरच पाचही लेव्हल करून बघ. तिथं जमलं तर पुढं तानपुरा, बासरी, काय पाहिजे ते चढव.

आणि तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर १९९० च्या सुपर मारिओ वर्ल्डमध्ये आहे. तिथं कोंडोंनी अगदी हेच केलंय, बाहेरच्या लेव्हलला जी चाल आहे तीच पाण्याखाली तीनच्या चालीत जाते, म्हणजे आपल्या कानाला दादऱ्याजवळची, गुहेत संथ होते आणि घुमते, उड्यांच्या लेव्हलला पळायला लागते. खेळताना लहानपणी माझ्या लक्षातच आलं नव्हतं की ही एकच चाल आहे, फक्त सगळा गेम एका घरातला वाटायचा. आणि योशी नावाच्या डायनोसॉरवर बसलं की त्याच चालीवर बोंगो सुरू होतात आणि उतरलं की बंद, एवढ्यानंच सवारीचा आनंद दुप्पट होतो.

---

मंगळवारपेठ_हार्मोनियम

चाल वाजवून बघितली. छान आहे आणि तुमच्या नशिबानं भूपात आहे, कारण भूपात एक सूर हलवला की गाव बदलतं.

भूप म्हणजे सा रे ग प ध. यातला ग तेवढा कोमल करा, बाकी काही हलवू नका, शिवरंजनी होतो. ग काढून त्या जागी शुद्ध म ठेवा, दुर्गा होतो. तुमचाच मुखडा तीन प्रकारे लिहिते (खाली रेघ असलेला ग म्हणजे कोमल), पेटीवर एकापाठोपाठ एक वाजवा:

गड: ग प ध – । प ग रे – । सा रे ग रे । सा
रात्र: ग॒ प ध – । प ग॒ रे – । सा रे ग॒ रे । सा
खिंड: म प ध – । प म रे – । सा रे म रे । सा

चढ तोच, उतार तोच, मात्रा त्याच. म्हणून ओळख सुटत नाही, पण खिंडीत मध्यम लागला की चाल ताठ उभी राहते. रात्रीच्या लेव्हलबद्दल मात्र माझं मत सांगते, शिवरंजनी फार लवकर रडायला लावतो आणि ती रात्र रडायची नव्हती, जीव मुठीत धरून चालायची होती. तिथं ग घेऊच नका. नुसतं प ध – । प रे – । सा रे, असं भोकं पाडलेलं वाजवा. ग नसला की कानाला कळत नाही हे सुखाचं आहे की दुःखाचं, तो आपोआप सावध होतो. कोमल ग राखून ठेवा, शिवा काशीदचा प्रसंग दाखवणार असाल तर तिथं एकदाच लावा.

सूर कमी असले की चाल लक्षात राहते हे माझ्या पुतण्यानं मला एका गेमवरनंच दाखवलं. १९९८ चा झेल्डाचा ओकॅरिना ऑफ टाइम, त्यात खेळणाऱ्याला स्वतः ओकॅरिना, म्हणजे फुंकून वाजवायचं छोटं वाद्य, वाजवावी लागते आणि त्याला पाचच बटणं. मी पेटीवर लावून बघितली, सा, कोमल ग, प, ध आणि वरचा सा. एवढ्यातनंच त्यांनी दार उघडायची, पाऊस पाडायची, घोडी बोलवायची गाणी केली आहेत. झेल्डाचं अंगाईगीत त्यात तीनच सुरांचं आहे, ध, वरचा सा, प, आणि परत तेच. पुतण्या सांगत होता की २०११ च्या स्कायवर्ड स्वर्डमधली मुख्य चाल म्हणजे हीच अंगाई उलटी केलेली आहे. मी कागदावर सूर उलटे लिहून बघितले आणि खरंच पटलं. आपल्याकडं अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात राहून मुखडा म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. आलाप कुठंही जाऊ दे, मुखडा घेऊन समेवर आलं की ऐकणारा मान डोलावतो. फरक एवढाच की मैफलीत सम कधी गाठायची हे गाणारा ठरवतो आणि तुमच्या गेममध्ये ते खेळणारं पोर ठरवणार.

आणि एक, हे माझं मनापासूनचं सांगणं आहे. शेवटचा सा देऊ नका. पहिल्या चारही लेव्हलना चाल रे वर सोडा आणि तिथनंच परत फिरवा. सा फक्त विशाळगडाला.

---

लूपर_एमआयडीसी

ताईंनी शेवटी लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला. मी म्युझिकवाला नाही, गेममध्ये आवाज बसवायचं काम करतो, तेवढ्यापुरतं सांगतो.

हे बसवायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे एका तुकड्यावरनं दुसऱ्या तुकड्यावर जायचं, दुसरी म्हणजे सगळे थर एकदम चालू ठेवायचे आणि पाहिजे तो वर करायचा, नको तो खाली. पहिली मोठ्या प्रमाणावर केली लुकासआर्ट्स या गेम कंपनीनं, १९९१ च्या मंकी आयलंड २ मध्ये, आयम्यूज नावाची सिस्टीम होती त्यांची. खेळाडू एका खोलीतनं दुसऱ्या खोलीत गेला तर चाल कापली जायची नाही, योग्य मात्रेपर्यंत थांबून वळायची. वूडटिक गावात प्रत्येक दुकानात शिरलं की त्याच चालीचं रूप बदलतं आणि बाहेर आलं की परत मूळ चाल. दुसरी पद्धत बँजो-कझूई (१९९८) मध्ये ऐका, चेटकिणीच्या गुहेत हिंडताना तीच चाल असते पण ज्या जगाच्या दाराजवळ जाल तिथली वाद्यं हळूहळू वर येतात. निअर ऑटोमाटा (२०१७) मध्ये तर एकाच गाण्याचा शांत थर, लढाईचा थर, गायनाचा थर असं आहे, आणि हॅकिंगला गेलं की तेच गाणं जुन्या आठ-बिटच्या आवाजात.

तुझ्यासाठी कामाची गोष्ट म्हणजे थर करायचे असतील तर सगळं एकाच पट्टीत आणि एकाच लयीत रेकॉर्ड कर. २०१० च्या रेड डेड रिडेम्प्शनसाठी त्यांनी ए मायनर आणि मिनिटाला १३० ठोके असंच धरून ठेवलं होतं, आपल्या भाषेत पांढरी सहा, म्हणून कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्यावर बसायचा. तू पांढरी पाचलाच रहा. गडाला एका पट्टीत आणि खिंडीला दुसऱ्या असं करशील तर जोडताना रडशील.

आणि लूपचं, म्हणजे परत परत वाजणाऱ्या तुकड्याचं, शेपूट कापू नकोस. शेवटच्या सुराची घुमार राहिलेली असते ती पुढच्या आवर्तनाच्या डोक्यावर चढली पाहिजे, नाहीतर दर वेळी एक बारका झटका बसतो आणि पोरं नाव सांगू शकणार नाहीत पण कंटाळतील.

---

हलगी_घुमकं

मी तालमीतला माणूस, गेम खेळत नाही, पण पोरानं हे वाचायला दिलं आणि घोडखिंडीचं नाव बघून लिहायला बसलो.

तुम्ही सगळे चालीचं बोलताय, ठेक्याचं कोण बोलंना. खासबागेत कुस्ती बघितलीय का कधी? हलगीवाला चाल वाजवत नाही, तो कुस्ती वाजवतो. खडाखडी चालली असली की हलकं, मोकळं, घुमक्याला श्वास घ्यायला जागा ठेवून. पट काढला की लगेच भरतं, कैताळ, म्हणजे झांज, वर चढतं. आणि डाव अडकला, दोघंही जाम झाले, कुणीच हलंना, तिथं नवीन पोरगं असलं तर जोरात बडवत सुटतं. जाणता माणूस तिथं काडी बारीक करतो, नुसती कडेवर, टिर्र टिर्र टिर्र. मैदान गप्प होतंय. मग सुटला की सगळं एकदम.

म्हणून खिंडीत नुसती लय वाढवू नका एवढंच सांगणं आहे. लय तीच ठेवा, बोल, म्हणजे हलगीवरचे ठोके, दुप्पट भरा. लय वाढली की माणूस घाबरतो आणि पळतो, बोल भरले की माणूस उभा राहतो. बाजीप्रभू पळत नव्हते, उभे होते.

---

चिपट्यून_राजारामपुरी

मामा हे लई मोठं सांगितलंत, आणि गेममध्ये याची दुसरी बाजू पण आहे. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये चारच सूर, खाली उतरणारे, परत परत, आणि जसजसे शत्रू मरून कमी होतात आणि उरलेले जोरात खाली यायला लागतात तसतशी त्या सुरांची लय वाढत जाते. मारिओत वेळ शंभरच्या खाली गेला की तेच. तिथं खेळणाऱ्यानं घाबरायचंच असतं, म्हणून लय. म्हणजे रात्रीच्या लेव्हलला मागनं घोडेस्वार जवळ येतील तेव्हा लय वाढव आणि खिंडीत मामा म्हणतात तसं बोल भर. दोन्ही एकाच गेममध्ये बसतंय.

---

पांढरीपाच, कोल्हापूर

उशीर झाला, दहा दिवस यावरच बसलो होतो.

उठाव अर्धी मात्रा पुढं ढकलला, ते पहिल्या दिवशीच पटलं. सगळं पांढरी पाचलाच ठेवलं. रात्रीला ग काढला आणि पावसाच्या आवाजावर नुसती बासरी, प ध – । प रे –, मावसभाऊ हेडफोन लावून ऐकत होता, मध्येच मान वर करून म्हणाला मागं कोण येतंय असं वाटतंय. खिंडीला दुर्गा. ताई, मध्यमाचं तुम्ही म्हणालात ते अगदी तसंच झालं, तीच चाल पण छाती पुढं काढून.

चालीत शेवटचा सा कुठंच दिला नाही. शेवटच्या लेव्हलला तीन तोफा होतात, त्यांचा आवाज मी खालच्या सा ला लावून घेतला, म्हणजे चाल रे वर येऊन थांबते आणि तोफ सा देते. पहिल्यांदा नीट जुळलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते, आई उठून आली काय झालं म्हणून, मला बोलताच येईना.

पोरांना परत दिला. त्यातली धाकटी, सहा वर्षांची, चौथ्या लेव्हलपर्यंतच पोचली. जेवायच्या आधी हात धुताना गुणगुणत होती, सा रे ग रे पर्यंत आली आणि तिथंच सोडून परत पहिल्यापासून. शेवटचा सा तिनं अजून ऐकलेलाच नाही.

मसाई पठार मात्र अजून अडलंय. मोकळं वाटायला पाहिजे पण लेव्हल लांब आहे आणि लूप चौथ्यांदा आला की जड होतो, बोल भरून बघितले तर पठार राहत नाही, मिरवणूक होते. आणि खिंडीतली हलगी सॅम्पलची आहे, ती खोटी वाटते. मामा, खरी वाजवून मिळेल का?

---

लूपर_एमआयडीसी

पठाराला आठ-आठ मात्रांचे दहा-बारा वेगळे तुकडे कर आणि ते उलटसुलट क्रमानं लागू देत. ओकॅरिनामधल्या मोठ्या मैदानाला कोंडोंनी तसंच केलं होतं, तिथं पण माणूस तासन्‌तास हिंडत असतो. प्रत्येक तुकडा रे वरच सोड म्हणजे कुठलाही कुठल्याही पुढं चालेल.

---

हलगी_घुमकं

रविवारी सकाळी सातला तालमीत ये. घुमकंवाला आणि कैताळवाला बोलवून ठेवतो. रेकॉर्डिंगचं मशीन आणायचं विसरू नको, आणि जरा आधीच ये, हवेत ओल आहे, हलगी शेकायला वेळ लागंल.