सगळ्याच दिव्यांग मुलांना गावच्या शाळेत घालायचं का?

काणकोणची आई
पालकांच्या बैठकीत एका वक्त्याने सांगितलं, की विशेष शाळांचा काळ संपला, आता प्रत्येक दिव्यांग मूल गावच्या शाळेतच शिकायला हवं. मला हे मुळीच पटलेलं नाही.

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, सोबत बौद्धिक अक्षमता. बोलता येत नाही, आधाराशिवाय बसता येत नाही, लंगोट बदलावा लागतो. गावच्या शाळेने त्याला नाकारलं नव्हतं. बाई प्रेमळ होत्या. पण एका खोलीत चार इयत्ता सांभाळणाऱ्या बाईंनी त्याला भरवायचं कधी? हजेरीपटावर नाव होतं, अंगावर गणवेश होता, आणि तो भिंतीला टेकून दिवसभर छताकडे बघत असायचा. लंगोट बदलायची वेळ आली की मला हाक यायची.

विशेष शाळेत पहिल्यांदा त्याच्या मापाची खुर्ची बनवली. मान सरळ राहू लागली तेव्हा कळलं, की हा चित्रं ओळखतो. मग चित्रांचा तक्ता आला. आज तो नजरेने ‘पाणी’ दाखवतो आणि ‘नको’ दाखवतो. ज्याच्या तोंडात इतकी वर्षं कुणीही काहीही भरवलं, त्याला ‘नको’ म्हणता येणं केवढी गोष्ट आहे!

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ३१ वं कलम ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देतं, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीने. ही पसंती आमच्याकडून काढून घेऊ नका. उलट अशी शाळा प्रत्येक तालुक्यात हवी. शाळा मडगावच्या बाजूला, म्हणजे जाता-येता करमलचा घाट. घरी पोचेपर्यंत त्याचे पाय लाकडासारखे आखडलेले असतात.

फोंड्याचे सर
ताई, मी हायस्कुलात शिकवतो आणि तुमच्याशी सहमत नाही. तुम्ही वर्णन केलंत ती नुसती भरती झाली. समावेशक शिक्षण, म्हणजे सगळ्यांसोबत एकाच शाळेत आणि लागेल त्या आधारासह शिकणं, तुमच्या मुलाला कधी मिळालंच नाही. खुर्ची, तक्ता, मदतनीस, फिजिओ, यातलं काय गावच्या शाळेत आणता येत नाही? इटलीने १९७७ च्या कायद्याने दिव्यांग मुलं सर्वसाधारण वर्गात आणली. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मान्य केला, त्याचं २४ वं कलमही समावेशक शिक्षणच मागतं. वेगळी शाळा आहे तोवर आमच्यासारख्या शाळांना निमित्त मिळतं. ‘तिथे न्या, तिथे चांगली सोय आहे’ असं गोड बोलून किती पालकांना दारातून परत पाठवलं जातं, ते मी पाहतो.

म्हापशाची विशेष शिक्षिका
सर, इटलीचं अर्धंच सांगितलंत. त्याच कायद्याने दिव्यांग मूल असलेल्या वर्गाला २० विद्यार्थ्यांची मर्यादा घातली आणि आधार-शिक्षक दिले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्रमाण सांगितलं: सेरेब्रल पाल्सीच्या ८ मुलांमागे एक विशेष शिक्षक, बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नतेच्या ५ मुलांमागे एक, आणि एकाहून जास्त अक्षमता एकत्र असतील तर २ मुलांमागे एक. ताईंचा मुलगा या शेवटच्या गटात येतो. आठवड्यातून एकदा फेरी मारणाऱ्या शिक्षकाने हे होत नाही. चमचा धरायला शिकवणं हे रोजचं काम आहे, त्याच हाताने, त्याच वेळी, महिनोन् महिने.

पेडण्याचा भाऊ
माझी बहीण विशेष शाळेत शिकली. शाळा उत्तम होती, शिक्षिकांनी जीव लावला, याबद्दल काहीच तक्रार नाही. पण वर्षानुवर्षं ती सकाळी व्हॅनमधून गेली आणि संध्याकाळी आली. तिच्या वयाच्या वाड्यावरच्या एकाही मुलीबरोबर ती कधी बसली नाही. आता अठरा उलटली, शाळा संपली. गणेश चवथीला घरी माणसं येतात ती तिच्याशी बोलत नाहीत, तिच्यादेखत तिच्याबद्दल आईला विचारतात. ‘जेवते का ती?’ तिला सगळं समजतं. आईवडिलांनंतर ती याच वाड्यावर राहणार आहे. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमता येईल, शेजारी नेमता येत नाहीत.

पणजीहून, मी कर्णबधिर
सगळ्या दिव्यांगत्वांना एक माप लावू नका. मला ऐकू येणाऱ्यांच्या वर्गात बसवलं होतं तेव्हा मी एकटा होतो. खुणांची भाषा मला कर्णबधिर मुलांमध्ये मिळाली, आणि तिच्याबरोबर मित्रही मिळाले. माझ्यासाठी वेगळी शाळा म्हणजेच माणसांत जाणं होतं.

काणकोणची आई
पेडण्याच्या दादा, तुमचं वाचून रात्री झोप आली नाही. तरी विचारते, भिंतीला टेकलेल्या माझ्या मुलाला त्या वर्गातल्या किती मुलांनी ओळखलं? जवळ बसणं आणि सोबत असणं यात फरक आहे. आता त्याच्याकडे तक्ता आहे म्हणून शेजारची पोरं त्याला काहीतरी विचारतात आणि तो उत्तर देतो.

गोव्यात पटसंख्येअभावी सरकारी प्राथमिक शाळा बंद पडल्यात, इमारती आहेत. चालू शाळेला लागून अशी इमारत असेल तर तिथे विशेष शाळा सुरू करा. प्रार्थना, मधली सुट्टी, शिगमो, स्नेहसंमेलन एकत्र. शिकवणं आणि थेरपी वेगळी. मी पंचायतीकडे आणि शिक्षण खात्याकडे तसा अर्ज करते आहे.

म्हापशाची विशेष शिक्षिका
अर्जात पदं नीट लिहा. विशेष शिक्षक, फिजिओ, स्पीच थेरपिस्ट आणि मदतनीस, तेही कायम. कंत्राटी माणूस बदलला की मूल पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. आणि रॅम्प असलेलं, व्हीलचेअर वळेल एवढं मोठं स्वच्छतागृह. ते नसलं की मुली शाळा सोडतात.

फोंड्याचे सर
मसुदा पाठवा, वाचतो. पण स्वतंत्र शाळेची मागणी असेल तर मी सही करणार नाही. हीच पदं त्याच शाळेत, त्याच मुख्याध्यापकाच्या जबाबदारीखाली मागितलीत, तर पहिली सही माझी. वेगळा मुख्याध्यापक नेमला की पाच वर्षांत मधे कुंपण उभं राहील.

काणकोणची आई
मुख्याध्यापक एकच असू दे, ही अट मान्य. पण खोली वेगळी हवी, सर, आणि त्या खोलीतल्या मदतनिसाच्या नेमणुकीच्या पत्रात मुलांना भरवण्याचं, स्वच्छ करण्याचं काम लिहून दिलेलं हवं. त्यावर मी मागे हटणार नाही, तुमची सही नसली तरी.