किट वॉकरचं मराठी काय करायचं?

रिकामटेकडी: भाच्याला (वय ९) रोज रात्री फँटमच्या (कॉमिक्समधला जंगलात राहणारा मुखवटेवाला नायक, खरं नाव किट वॉकर) इंग्रजी गोष्टी मराठीत करून सांगते, अर्थात वेताळ म्हणून. काल अडकले. तो शहरात येतो तेव्हा ओव्हरकोट, हॅट, काळा चष्मा घालून "मिस्टर वॉकर" होतो आणि चौकटीखाली फुली मारून बारीक अक्षरात खुलासा असतो, वॉकर म्हणजे चालणारं भूत. आता वॉकरच ठेवलं तर फुली वाया जाते, आणि आयत्या वेळी "श्री. चालके" म्हणाले तर कार्टं विचारतं, ड्रायव्हर आहे का तो?

जुनी रद्दी: पायगुडे करा, रेडीमेड आडनाव आहे. बाकी किट हे क्रिस्टोफरचं लाडाचं रूप, मूळ ग्रीक, अर्थ ख्रिस्ताला वाहून नेणारा. म्हणजे नावात वाहणारा नि आडनावात चालणारा, हमालच की हो! १५३६ साली बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेणारा पहिला फँटम तो क्रिस्टोफर, आणि त्याच्या वंशातला आपला २१वा फँटम किट.

सुताडगुत्ता: वॉकर आडनावाचा फिरण्याशी संबंध नाहीये, हा धंदा आहे. लोकरीचं विणलेलं कापड ओलं करून पायाने तुडवायचे, घट्ट व्हावं म्हणून, ते तुडवणारे वॉकर. त्यांनाच इंग्लंडच्या दुसऱ्या भागात फुलर म्हणायचे, अजून कुठे टकर. तेव्हा खरं भाषांतर तुडवे :)

जुनी रद्दी: अहो पण फँटमचा जनक ली फॉकने १९३६ला चित्रपट्टी सुरू केली ती भुतावरून कोटी करायला, लोकर तुडवायला नै.

शुद्धमती: मुळात वेताळ हेच चूक आहे. वेताळ प्रेतात शिरतो, झाडाला उलटा लटकतो. वेताळपंचविशीत चालतो कोण, तर विक्रम! वेताळ त्याच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगतो. हा माणूस जिवंत, लग्न झालेला, जुळी पोरं आहेत त्याला.

जुनी रद्दी: असेल चूक, पण १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्सने घराघरात तोच शब्द नेला. माझ्या पिढीत वेताळ म्हटलं की आधी कवटीची अंगठी आठवते, पंचविशी नंतर. रूढ झालं की झालं.

शुद्धमती: रूढ तर "मदत करण्यात आली" पण झालंय.

शिरोड्याचा बाब्या: वेताळ चालत नाय म्हणणाऱ्यांनी सिंधुदुर्गातल्या आरवलीला यावं. आमचो ग्रामदेव वेतोबा रात्री गावभर फिरतो, म्हणून नवसाला चामड्याच्या वहाणा देतात, हे भलेमोठे जोड, आणि तळ झिजलेले दिसतात. आजीने मला हात धरून दाखवले होते, एकाची टाच एका बाजूने पार गेलेली. चालणारं भूत याहून वेगळं काय असतं? भाषांतर करणाऱ्याला हे ठाऊक असो नसो, शब्द बरोब्बर बसलाय.

सुताडगुत्ता: हातात वेत म्हणून वेताळ ना?

शिरोड्याचा बाब्या: हातात तलवार आसा. बघितल्याशिवाय लिहू नये.

शुद्धमती: वेतोबा देव आहे, पंचविशीतला वेताळ पिशाच्च. दोघांची गल्लत नको.

मांडवीकाठ: गल्लत कसली, खंडेरायाचा खंडोबा तसा वेताळाचा वेतोबा. गोव्यात बेताळ म्हणतात, बेतालभाटी गावाचं नाव त्याच्यावरूनच.

रिकामटेकडी: हे सगळं भारी आहे पण चालके ठेवू की पायगुडे? आज रात्री पुढचा भाग आहे.

शिरोड्याचा बाब्या: भाच्याला घेऊन या ओ ताई. येताना वेतोबाला केळ्यांचा घड आणा.