घटस्फोट झाला तर घराचा अर्धा वाटा बायकोला मिळायला हवा की नको?

(नागपूरचे तिघं बोलताहेत, प्रत्येकाचं नाव म्हणून त्याच्या भागाचं नाव.)

बेसा रोड: माझ्या बहिणीचा घटस्फोट नुकताच झाला. १३ वर्षांचा संसार. फ्लॅट भाऊजींच्या एकट्याच्या नावावर, हप्ते त्यांच्या पगारातून. किराणा, पोराची फी, लाइटबिल मात्र बहिणीच्या शिकवण्यांतून. पावत्या तिनं बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. वकिलांनी डबा बाजूला सारला अन् म्हणाले, इंडेक्स टू, म्हणजे घराच्या नोंदणीचा उतारा, दाखवा, नाव कोणाचं आहे? ती म्हणे, "मग मी १३ वर्षं काय भाड्यानं राहत होती का?"

हिंदू विवाह कायद्यात घराची वाटणी नाहीच. कलम २७ आहे, पण ते लग्नाच्या वेळी दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरतं. स्त्रीधन तिचं, बाकी पोटगी. गोव्यात मात्र लग्नानंतरची मिळकत साधारणपणे दोघांची समाईक धरतात. आपल्याकडे काहून नाही? संसारात घेतलेलं घर अर्धं तिचं झालंच पाहिजे.

धरमपेठ: बहिणीबद्दल वाईट वाटलं, पण सरसकट अर्ध्याला माझा विरोध. आमच्या नात्यात काटोलकडची संत्र्याची बाग विकून बापानं मुलाला घर घेऊन दिलं. लग्न दोन वर्षंही टिकलं नाही. बापाचा घाम अर्धा वाटायचा? कायमची पोटगी ठरवताना कलम २५ खाली कोर्ट दोघांची मिळकत, मालमत्ता, वागणूक बघतंच. अर्ध्याचा कायदा आला की लोक घर आईच्या नावावर घेतील, अन् बाईच्या हाती तेही लागणार नाही.

बेसा रोड: वडिलोपार्जित मी मागतच नाही. संसारात कमावलेलं म्हणतो.

महाल: मी कौटुंबिक न्यायालयातल्या एका वकील मॅडमकडे काम करते. भांडा, पण आधी हे ऐका. बायको नागपुरात राहत असेल तर लग्न कुठंही झालेलं असो, घटस्फोटाचा अर्ज इथं करता येतो. कोर्ट फी किरकोळ असते, खरा खर्च वकिलाचा आणि तारखांचा. बाईला मात्र उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि हे माहीत नसलेल्या बायका मी रोज बघते. खावटीच्या, म्हणजे पोटगीच्या, अर्जात दोघांनाही मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालामुळे. तिथं तो डबा कामाचा!

घटस्फोट दोघांच्या संमतीनं होत असेल तर वर्षभर वेगळं राहिलेलं हवं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं. २०१७ पासून योग्य प्रकरणात कोर्ट ते माफ करू शकतं. घराचं काय ते कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या संमतीच्या लेखी अटींमध्ये, लिहून घ्या. तोंडी "देतो ना" वर सही करू नका.

धरमपेठ: हेच तर म्हणतो. रस्ते आहेत, लोकांना सांगा.

महाल: रस्ते आहेत हो, पण भाऊ, पोटगी महिन्याची असते आणि बुडते. घर बुडत नाही. नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला वाटा देणारं विधेयक राज्यसभेत २०१३ मध्ये मंजूर झालं, लोकसभेत अडकलं, २०१४ मध्ये बारगळलं. त्यातही सरसकट अर्धं नव्हतं, किती द्यायचं ते कोर्टावर सोडलं होतं. मला तेच पटतं.

धरमपेठ: संसार किती वर्षांचा आणि पैसा कोणाचा, हे बघून देणार असतील तर माझं काही म्हणणं नाही. १३ वर्षं घर चालवणारीला मी नाही म्हणणार नाही.

बेसा रोड: ताई, डबा अजून आहे तिच्याकडे. पोराची खावटी वाढवून मागायची आहे. उद्याच तारखेप्रमाणे पावत्या लावायला बसतो.