हृदयाला छिद्र म्हणून दाताआधी सरसकट अँटिबायोटिक? नको!

निंबोणी:
‘हृदयाला छिद्र असलेल्या मुलाच्या दाताला हात लावण्याआधी अँटिबायोटिक द्यायचंच’ ही पोस्ट कालपासून फिरतेय. साफ चूक. दाताआधी डोस कोणाला द्यायचा, ती यादी अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2007 मध्येच आखूड केली: कृत्रिम झडप, आधी एंडोकार्डायटिस (हृदयाच्या आतल्या अस्तराला जंतुसंसर्ग) झालेला, ऑपरेशन न झालेली, हृदयदोषामुळे निळी पडणारी मुलं, छिद्र बुजवायला पॅच किंवा डिव्हाइस बसवल्यानंतरचे 6 महिने, पॅचलगत उरलेली गळती, हृदय प्रत्यारोपणानंतर बिघडलेली झडप. साधा व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र, त्यात नाही. तोंडातले जंतू रोज घास चावतानाही रक्तात जातात. हिरड्या सांभाळा!

प्राजक्त_मामा:
यादी वाचून दाखवणं सोपं आहे. माझ्या भाचीला साधा व्हीएसडीच होता, तरी एंडोकार्डायटिस झाला. हाताच्या शिरा संपल्या, म्हणून नर्स पायावर शीर शोधायची. एक डोस दिला असता तर काय बिघडलं असतं?

निंबोणी:
त्याआधी दाताचं काही केलं होतं का?

प्राजक्त_मामा:
नाही. दाढ किडली होती, तशीच राहिली. ताप येत-जात होता, दर वेळी नवं अँटिबायोटिक. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी, कोणीच केलं नाही.

दातवाला:
मग डोस द्यायचा कधी होता? खरा घोळ तापात झाला. अँटिबायोटिक आधी पोटात गेलं की कल्चरमध्ये जंतू बरेचदा सापडत नाही, मग सलाइनमधून 4 ते 6 आठवडे अंदाजाने औषध द्यावं लागतं. अशा मुलाचा ताप कारणाशिवाय रेंगाळला, तर आधी वेगवेगळ्या जागी टोचून 3 कल्चर घ्यायची, मग औषध.

ओपीडी_दुपारची:
आमच्या खुर्चीत बसून बोला. तीनदा टोचू म्हटलं की आईबाप दुसरा डॉक्टर गाठतात. आणि दातवाले, हृदयाचं नाव ऐकून कीड भरायला नकार कोण देतं?

प्राजक्त_मामा:
भाचीला दोन ठिकाणांहून परत पाठवलं होतं.

दातवाला:
परत पाठवतात, हे मी नाकारत नाही. घाबरतात. पण पत्र मागितलं की तुम्ही ‘दातांच्या उपचाराला हरकत नाही’ एवढंच खरडता. मूल यादीत बसतं की नाही, ते लिहा ना!

ओपीडी_दुपारची:
बरं, लिहू. तुम्ही कीड भरा.

प्राजक्त_मामा:
यादी बरोबर असेल, वाद घालत नाही. पण निंबोणी, तुमच्या पोस्टमध्ये तापाबद्दल अवाक्षर नाही. माझ्या बहिणीला तेच कळायला हवं होतं.

निंबोणी:
हे मात्र खरं. तापाचं आणि कल्चरचं सगळ्यात वर टाकते. सरसकट डोसला विरोध कायम.