जो पॅटर्नो: ४०९ विजय आणि न केलेला एक फोन

नदीकाठची (धागाकर्ती):

काल आमच्या अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या मराठी माजी विद्यार्थ्यांच्या गटात एका ज्येष्ठ सभासदांनी जो पॅटर्नोच्या, म्हणजे तिथल्या फुटबॉल संघाच्या जुन्या मुख्य प्रशिक्षकाच्या, पुतळ्याचा जुना फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, "४०९. कायद्याने सांगितलं तेवढं त्याने केलं, तरी त्यालाच बळीचा बकरा केला. पुतळा परत बसवा." त्यावर भराभर अंगठे पडले. तिथेच उत्तर लिहायला बसले, पण ते एवढं लांबलं की इथे वेगळा धागा काढते आहे.

मी पॅटर्नोद्वेष्टी नाही, हे आधीच सांगते. २००९ ते २०११ मी विद्यापीठाच्या गावी, स्टेट कॉलेजात होते. प्रबंधाचा अर्धा भाग पॅटर्नो लायब्ररीत बसून लिहिला. एका फुटबॉल प्रशिक्षकाने ग्रंथालयासाठी पैसे गोळा करावेत, स्वतःच्या खिशातले घालावेत, याचं मला तेव्हाही अप्रूप होतं आणि आजही आहे. त्याचे खेळाडू पदवी घेऊनच बाहेर पडायचे, तेही खरं.

पण ९ नोव्हेंबर २०११ च्या रात्री मी तिथेच होते. विश्वस्तांनी त्याला फोनवरून काढल्याची बातमी आली आणि पोरं रस्त्यावर उतरली. वाहिनीची गाडी उलटी केली. माझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी रडत होती, जोसाठी. पॅटर्नोचा जुना सहायक प्रशिक्षक सँडस्की याच्यावर लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप येऊन चार दिवस झाले होते, त्यातली मुलं दहा-बारा वर्षांची होती आणि त्यांच्यासाठी रडणारं त्या मजल्यावर मला कुणी दिसलं नाही. ते अजून माझ्या मनातून जात नाही.

"कायद्याने सांगितलं तेवढं" म्हणजे काय केलं? फेब्रुवारी २००१ मध्ये संघातला तरुण सहायक माइक मॅक्वेरी शनिवारी सकाळी त्याच्या घरी गेला. आदल्या रात्री संघाच्या न्हाणीघरात सँडस्कीला एका लहान मुलाबरोबर काय करताना पाहिलं ते सांगितलं. तो प्रकार लैंगिक स्वरूपाचा होता, हे आपल्याला कळलं होतं, असं पॅटर्नोने पुढे स्वतः शपथेवर सांगितलं. लोकांची शनिवार-रविवारची सुट्टी बिघडवायची नव्हती, हेही त्याच साक्षीत आहे. मग क्रीडासंचालक कर्लीला कळवलं आणि विषय संपला. त्यानंतर दहा वर्षं सँडस्की त्याच इमारतीत ये-जा करत राहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच न्हाणीघरात आणखी एक मुलगा त्याच्या हाती लागला. फेब्रुवारीत पोलिसांना एक फोन गेला असता तर तो मुलगा वाचला असता.

२००४ मध्ये संघ हरत होता तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष स्पॅनियर आणि क्रीडासंचालक कर्ली त्याच्या घरी जाऊन "आता निवृत्त व्हा" म्हणाले. त्याने ऐकलं नाही आणि ते दोघे हात हलवत परत गेले. अध्यक्षांना घरातून परत पाठवू शकणारा माणूस कर्लीला "पोलिसांना कळवलंस का?" एवढंही विचारू शकत नव्हता, हे मला कुणी पटवून द्या. लोक एका पारड्यात ४०९ टाकतात आणि दुसऱ्यात २००१. माझ्या मते ते वेगळं काढताच येत नाही. ज्या दबदब्याने ४०९ झाले, त्याच दबदब्याखाली ते गाव गप्प बसलं.

जुना_लायन:

तो फोटो टाकणारा मीच. समोरासमोर उत्तर द्यायचं सोडून इथे येऊन लिहिलंत, ठीक आहे.

मी साताऱ्याहून १९८५ मध्ये तिथे गेलो. खिशात पैसे नाहीत, इंग्रजी अडखळत, बर्फात पाय घसरतोय. पहिलं वर्ष कसं काढलं ते मलाच माहीत. २ जानेवारी १९८७ ला मायामीला १४-१० असं हरवलं ती रात्र मी वसतिगृहाच्या टीव्हीसमोर काढली. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की हे गाव माझंही आहे. तुम्ही दोन वर्षं राहिलात आणि शेवटचा आठवडा पाहिलात. आम्ही माणूस पाहिलाय.

आता मुद्द्याचं. त्या वेळच्या पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात संस्थेतल्या माणसाने वरिष्ठाला कळवायचं आणि पुढचं वरिष्ठाने पाहायचं, असंच होतं. कायदा बदलला तो या प्रकरणानंतर. जो पॅटर्नोवर एकही आरोप ठेवला गेला नाही. कर्ली आणि विद्यापीठाचा उपाध्यक्ष शुल्ट्झ यांनी २०१७ मध्ये गुन्हा कबूल केला, स्पॅनियर दोषी ठरला. पुतळा मात्र जोचा गेला. १९९८ मध्ये एका आईच्या तक्रारीवर पोलिसांनी चौकशी केली होती आणि सरकारी वकिलाने खटला भरला नाही. ज्यांचा धंदाच गुन्हेगार ओळखण्याचा, त्यांना सँडस्की कळला नाही, आणि पंचाहत्तरीला टेकलेल्या फुटबॉलवाल्याला कळायला हवा होता? विद्यापीठाने चौकशीला नेमलेल्या फ्रीहने अहवाल लिहिताना जोची मुलाखतही घेतली नाही. काढल्यापासून ७४ दिवसांत माणूस फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. मेलेला माणूस उत्तर देत नाही, म्हणून त्याच्यावर लिहायला सोपं जातं.

नदीकाठची:

उत्तर त्याने स्वतः दिलंय की. "आता मागे वळून पाहता, मी अधिक केलं असतं तर बरं झालं असतं," असं काढण्याच्या दिवशी त्यानेच निवेदनात म्हटलं. जे त्याने मान्य केलं ते त्याचे चाहते का मान्य करत नाहीत?

आणि त्या ईमेलांचं काय? १९९८ च्या चौकशीच्या वेळी कर्ली लिहितो की "कोच" काय चाललंय ते जाणून घ्यायला उत्सुक आहेत. २००१ मध्ये बाहेर कळवायचं जवळपास ठरलं होतं. मग कर्ली लिहितो, जोबरोबर बोलल्यावर आणि विचार केल्यावर मला ते बरोबर वाटत नाही. १९९८ चं आपल्याला आठवत नाही, असं पॅटर्नो शपथेवर म्हणाला.

जुना_लायन:

"जोबरोबर बोलल्यावर." जो काय बोलला ते त्यात आहे का? नाही. तुम्ही रिकाम्या जागा भरताय.

आकडेमोड:

विजयांबद्दल कुणीच बोललं नाही. १९९८ ते २०११ चे १११ विजय कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएने जुलै २०१२ मध्ये खोडले, म्हणजे ४०९ चे २९८. जानेवारी २०१५ मध्ये तडजोड झाली तेव्हा परत दिले. ते विजय पॅटर्नोचे एकट्याचे होते का? २००५ च्या संघातल्या पोराने काय पाप केलं होतं? झालेला सामना कागदावरून खोडणं मला मूर्खपणा वाटतो, पॅटर्नो दोषी असला तरी.

नदीकाठची:

यावर सहमत. आकडे खोडून त्या मुलांना काहीच मिळालं नाही. ६ कोटी डॉलरचा दंड मुलांच्या संरक्षणासाठी वापरायचा ठरला, त्याला निदान अर्थ होता.

कसबेकर:

मूळ दुखणं वेगळं आहे. विद्यापीठात लाखावर माणसं बसतील असं मैदान हवंच कशाला? खेळणाऱ्या पोरांना तेव्हा पगार नाही आणि प्रशिक्षक राजासारखा. जिथे एवढा पैसा, तिथे असंच होणार. आपल्याकडे क्रिकेटचं तेच झालंय. माझा पुतण्या उत्तम मल्लखांब करतो, त्याला चटई मिळत नाही.

आकडेमोड:

अवांतर. मल्लखांबाचा वेगळा धागा काढा.

खोखोपटू:

अवांतर माझंही आहे, पण लिहिणार आहे.

पैशाचा मुद्दा मला पटत नाही. आमच्या मैदानावर एक रुपयाही नव्हता. नव्वदीची सुरुवात, तालुक्याचं गाव, शाळेमागे मुरमाचं मैदान. एक सर होते. पगार नाही, मानधन नाही, पदरचे पैसे घालून बूट आणायचे. त्यांनी आमच्या गावातून राज्य पातळीवर खेळलेल्या मुली तयार केल्या, त्यात मीही होते. वडिलांनी मला त्यांच्याकडे नेलं तेव्हाचं वाक्य होतं, "पोर तुमच्या पदरात टाकलीय, सर." त्यापुढे कुणी काही विचारलं नाही.

काय झालं ते इथे लिहिणार नाही. मी चौदाची होते. आईला अर्धं सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही आणि मग म्हणाली, खेळ बंद कर. माझा खेळ बंद झाला. सरांचा चालू राहिला.

ते चार वर्षांपूर्वी गेले. आता दर डिसेंबरला त्यांच्या नावाने स्मृतिचषक असतो. माझ्या बरोबरीच्या मुली त्यांच्या फोटोला हार घालताना मला दिसतात. त्यातल्या काहींना खरंच काही माहीत नाही. त्यांच्यासाठी ते देवमाणूस होते आणि त्या खोटं बोलत नाहीत. म्हणून जुना_लायन यांचं "आम्ही माणूस पाहिलाय" वाचलं आणि हात थांबले नाहीत. मीही माणूस पाहिलाय.

साधा_वाचक:

ताई, सहानुभूती आहे. पण नाव न घेता एका मृत व्यक्तीवर असे आरोप करणं योग्य नाही. नाव घ्या, नाहीतर लिहू नका. तीस वर्षं गप्प का होतात? आणि पॅटर्नोने स्वतः काही केलं नव्हतं, त्यामुळे तुलनाही चुकीची.

वकिलीण_नागपूर:

साधा_वाचक, नाव घेतलं असतं तर तुम्हीच "मेलेल्याची बदनामी" म्हणाला असतात.

कायद्याची बाजू सांगते, कारण वर "कायद्याने सांगितलं तेवढं" बरंच झालं. आपल्याकडचा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. कलम १९ प्रमाणे ज्याला कुणाला असा गुन्हा झाल्याचं माहीत आहे किंवा होईल अशी भीती आहे, त्याने पोलिसांना कळवायचं. मुख्याध्यापकाला नाही, संस्थेच्या सचिवाला नाही, पोलिसांना. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थाप्रमुख असेल तर एक वर्षापर्यंत. प्रत्यक्षात काय होतं ते मी रोज बघते. शाळा आधी समिती नेमते, समिती आईवडिलांना बोलावते, मुलीच्या लग्नाचं काय म्हणते, आणि तोवर आठवडा गेलेला असतो. प्रत्येक जण वरच्याला सांगतो आणि हात धुतो. पॅटर्नोने नेमकं तेच केलं. तुलना चुकीची नाही. या ताईंच्या सरांची तुलना सँडस्कीशी आहे. पॅटर्नोच्या जागी आहेत ते गावातले, ज्यांना कुणकुण होती.

खोखोपटू:

होती. मैदानाच्या कडेला ज्यांची घरं होती त्यांना होती. एक काकू आम्हाला म्हणायच्या, अंधार पडायच्या आत घरी जा गं. त्यांनी तेवढंच केलं.

साधा_वाचक:

पुरावा काय? उद्या कुणीही उठेल आणि कुणाही प्रशिक्षकाबद्दल लिहील. मग कोण शिकवायला येणार मुलींना? माझे वडील चाळीस वर्षं कबड्डी शिकवत होते. अशा लिखाणाने सगळ्यांवर संशय येतो.

नदीकाठची:

तुमच्या वडिलांबद्दल इथे कुणी अवाक्षर काढलेलं नाही. एक बाई आपल्या चौदाव्या वर्षाबद्दल लिहिते आणि तुम्हाला पहिली काळजी प्रशिक्षकांच्या नावाची. ९ नोव्हेंबरला रस्त्यावर हेच चाललं होतं. लाज वाटायला हवी.

साधा_वाचक:

भाषा सांभाळा.

जुना_लायन:

साधा_वाचक, तुम्ही थांबा जरा. माझ्या बाजूने बोलताय असं दिसतंय, पण मला ही बाजू नको आहे. ताईंना पुरावा मागायचं हे ठिकाण नव्हे.

खोखोपटू, माझं वाक्य तुम्हाला लागलं, त्याबद्दल माफ करा. जोबद्दलचं मत माझं बदललेलं नाही. त्याला सगळं कळलं होतं आणि त्याने दडपलं, हे मी आजही मानत नाही. १९७६ मध्येच एका मुलाने त्याला सांगितल्याचा आरोप २०१६ मध्ये कोर्टाच्या कागदांतून बाहेर आला, त्याच्या कुटुंबाने तो नाकारला. तो मी गृहीत धरणार नाही.

पण एक गोष्ट कबूल करतो, मनाविरुद्ध करतो. माझी मुलगी पोहायला जायची. तिच्या प्रशिक्षकाबद्दल कुणी येऊन माझ्या कानावर असं घातलं असतं आणि मी दुसऱ्या दिवशी क्लबच्या सचिवाला सांगून गप्प बसलो असतो, तर बायकोने मला घरात घेतलं नसतं. कायदा काय सांगतो ते तिने विचारलं नसतं.

नदीकाठची:

एवढंच मला म्हणायचं होतं.

जुना_लायन:

तुम्ही त्याहून बरंच जास्त म्हणालात. दबदबा आणि गप्प बसलेलं गाव वगैरे. ते मान्य नाही.

आकडेमोड:

गावातल्या त्या भित्तिचित्राचं कुणाला आठवतं का? जो गेल्यावर चित्रकाराने त्याच्या डोक्यामागे तेजोवलय काढलं. जुलैत फ्रीहचा अहवाल आल्यावर पुसलं. सँडस्की तर आधीच चित्रातून पुसून टाकला होता. सहा महिन्यांत वलय आलं आणि गेलं, माणूस तोच. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसं झालं होतं आधी.

नदीकाठची:

आठवतं. आणि विद्यापीठाच्या क्रीमरीत सँडस्कीच्या नावाचं आइस्क्रीम बंद केलं, पीची पॅटर्नो ठेवलं. लायब्ररीवरचं नावही ठेवलं. लायब्ररीचं नाव काढा असं मी कधीच म्हणणार नाही, ती त्याने खरंच दिली. पुतळा वेगळा. त्यात तो बोट वर करून धावतोय आणि मागे खेळाडू आहेत. तिथून जाणाऱ्या ज्या कुणाला लहानपणी सँडस्कीने गाठलं होतं, त्याने रोज ते बोट बघायचं का?

जुना_लायन:

यावर माझ्याकडे उत्तर नाही. फोटो गटातून काढतो. ४०९ ठेवतो.

वकिलीण_नागपूर:

खोखोपटू, स्मृतिचषकाच्या आयोजकांशी बोलायचं असेल तर मी बरोबर येईन. कायद्याने नाही, माणूस म्हणून. तुम्हाला नको असेल तर नको.

खोखोपटू:

यंदा त्यांनीच फोन केला होता. माजी खेळाडू म्हणून मंचावर बसा, बक्षीस द्या म्हणाले. मी "कळवते" म्हटलं होतं. आत्ता हे लिहायच्या आधी कळवलं की येणार नाही, आणि का ते समोर बसून सांगेन. त्यांनी रविवारी बोलावलंय. तुम्ही या.