१८ इंची की १६ इंची? गेमिंग लॅपटॉप घेताना नेमकं काय मोजायचं?

संत्रानगरी

मोठ्या स्क्रीनचा गेमिंग लॅपटॉप घ्यायचा आहे, जाणकारांचा सल्ला हवा. बजेट दोन लाखांच्या आत. लॅपटॉप बहुतेक वेळ नागपूरला टेबलावरच राहील, पण दोन महिन्यांतून एकदा रात्रीच्या बसने पुण्याला न्यावा लागेल. सायबरपंक २०७७, फोर्झा होरायझन ५ आणि व्हॅलोरंट हे मुख्य खेळ. शिवाय ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये थोडंफार रेंडरिंग (मॉडेलवरून अंतिम चित्र काढणं).

तीन पर्याय काढलेत. पहिला १७.३ इंची, १९२०×१०८०, १४४ हर्ट्झ (सेकंदाला इतक्या वेळा चित्र बदलणारी स्क्रीन), आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, सगळ्यात स्वस्त. दुसरा १८ इंची, २५६०×१६००, आरटीएक्स ५०७०. तिसरा १६ इंची, २५६०×१६००, २४० हर्ट्झ, आरटीएक्स ५०७० टीआय. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या किमतीत फारसा फरक नाही. मन १८ इंचीकडे ओढ घेतंय, कारण स्क्रीन मोठी हवीच आहे. नागपूरचा उन्हाळा हिशेबात धरून सांगा.

फूटपट्टी

आधी १७.३ इंचीचा गैरसमज दूर करू. इंच मोजतात ते कर्णावर, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. स्क्रीनचा आकार बदलला की त्या आकड्याचा अर्थही बदलतो. १७.३ इंचीची स्क्रीन १६:९ (रुंदीचं उंचीशी प्रमाण) असते, म्हणजे साधारण ३८.३ सेंमी रुंद आणि २१.५ सेंमी उंच. १६ इंची १६:१० असते, ३४.५ सेंमी रुंद आणि उंची तीच, २१.५ सेंमी. म्हणजे १७.३ इंचीत तुम्हाला मिळते ती फक्त रुंदी, दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम चार सेंटीमीटर.

१८ इंचीचं तसं नाही. ती ३८.८ बाय २४.२ सेंमी भरते. १६ इंचीपेक्षा क्षेत्रफळ सव्वापट, शिवाय उंचीही वाढते. ब्लेंडरमध्ये हे पटकन जाणवतं. २५६०×१६०० रिझोल्यूशनला १६ इंचीवर विंडोजचं स्केलिंग (अक्षरं आणि चिन्हं मोठी करण्याचं प्रमाण) बहुधा १५० टक्के ठेवावं लागतं, नाहीतर अक्षरं बारीक दिसतात. १८ इंचीवर १२५ टक्क्यांत भागतं. त्यामुळे टाइमलाइन, आउटलायनर आणि प्रॉपर्टीज या चौकटी एकाच वेळी उघड्या ठेवल्या तरी मधे मॉडेलला जागा उरते.

१७.३ वर १९२०×१०८० म्हणजे इंचाला १२७ पिक्सेल. खेळताना चालून जातं, पण मराठी मजकूर वाचताना वेलांट्या आणि जोडाक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. तोच २५६०×१६०० पॅनेल १८ इंचीवर १६८ आणि १६ इंचीवर १८९ पिक्सेल देतो. पहिला पर्याय मी यादीतून काढला असता.

आता बसचं. १८ इंची लॅपटॉपचा सांगाडा साधारण ४० बाय ३० सेंमी असतो. १५.६ इंचीसाठीच्या नेहमीच्या पाठपिशवीत तो जात नाही, चेन अर्ध्यावर अडते. वजन तीन किलोच्या वर, वर ३३० वॉटचा अडॅप्टर किलोभराचा. पिशवी घेण्याआधी आतल्या कप्प्याचं माप टेपने घ्या, लेबलवरच्या इंचांवर जाऊ नका.

वॉटमीटर

स्क्रीनचं वर आलंच आहे, मी ग्राफिक्सकडे वळतो. माझ्या मते तुमचा निर्णय इथेच होणार आहे.

लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचं नाव अर्धीच माहिती देतं. तीच चिप एका लॅपटॉपला ६० वॉटवर चालते, दुसऱ्याला १०० वर, आणि दोन्हींवर स्टिकर एकच. म्हणून उत्पादनाच्या पानावर खाली, बारीक अक्षरांत, 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' किंवा 'टीजीपी' शोधा. ५०६० आणि ५०७० साठी चांगला आकडा ११५ वॉट, त्यात १०० मूळचे आणि १५ डायनॅमिक बूस्टचे, म्हणजे प्रोसेसर निवांत असताना मिळणारे जादा. ५०७० टीआयसाठी १४० वॉट, म्हणजे ११५ अधिक २५. हा आकडा कुठेच लिहिलेला नसेल तर विक्रेत्याला लेखी विचारा. उत्तर टाळलं तर तो लॅपटॉप सोडून द्या.

मात्र फक्त वॉटच्या मागेही लागू नका. ४०६० ला १४० वॉट दिले तरी १०० च्या पुढे फारसं काही मिळत नाही, चिपच आधी आपल्या मर्यादेला टेकते. तिथे १४० चा आकडा जाहिरातीपुरता. ५०७० टीआयला मात्र वरचे वॉट खरोखर उपयोगी पडतात.

त्याहून मोठी गोष्ट व्हीरॅमची, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीची. ४०६० ला ८ जीबी. ५०६० ला ८ जीबी. ५०७० २०२५ मध्ये आलं तेही लॅपटॉपमध्ये ८ जीबी घेऊनच. डेस्कटॉपच्या ५०७० ला १२ जीबी असते, म्हणून ऑनलाइन पाहिलेल्या डेस्कटॉपच्या चाचण्या इथे लावू नका. त्या वेळी या मालिकेत लॅपटॉपमध्ये १२ जीबी सुरू झाली ती ५०७० टीआयपासून. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायातला खरा फरक हा आहे.

८ जीबी भरली की काय होतं तेही सांगतो. सेकंदाला मिळणाऱ्या सरासरी फ्रेम ठीकच दिसतात. पण न मावलेले टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) साध्या रॅममध्ये जातात आणि तिथून आणायला वेळ लागतो. सायबरपंकमध्ये गाडी वेगाने वळवली की क्षणभर चित्र अडकतं, भिंतीवरचे टेक्स्चर आधी पुसट दिसतात आणि मग उमटतात. रे ट्रेसिंग (प्रकाशाचं खरं वाटणारं चित्रण) आणि फ्रेम जनरेशन (मधल्या जादा फ्रेम कार्डाने घडवणं) दोन्ही व्हीरॅम खातात, त्यामुळे ज्या सोयींसाठी नवं कार्ड घेतलं त्याच सोयी ८ जीबीवर आखडून वापराव्या लागतात. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये सीन मोठा झाला तर रेंडर रखडतं किंवा मेमरी संपल्याचा संदेश देऊन थांबतं.

२५६०×१६०० झेपेल का, ही भीती बाळगू नका. १९२०×१२०० मध्ये सुमारे २३ लाख पिक्सेल असतात, २५६०×१६०० मध्ये ४१ लाख. पण डीएलएसएस, म्हणजे कमी पिक्सेलचं चित्र एआयने मोठं करण्याची सोय, 'क्वालिटी'वर ठेवलं की कार्ड प्रत्यक्षात साधारण १७०७×१०६७ एवढंच चित्र काढतं, म्हणजे १८ लाख, आणि उरलेलं घडवून घेतं. ओझं आवाक्यात राहतं आणि अक्षरं रेखीव मिळतात.

माझं मत तिसऱ्या पर्यायाला. टेबलावर मोठी स्क्रीन हवी असेल तर पुढे २७ इंची मॉनिटर जोडता येतो. व्हीरॅम मात्र बोर्डावर पक्की असते, ती कधीच वाढवता येत नाही.

गरमहवा

वॉटमीटर यांचा व्हीरॅमचा मुद्दा बिनतोड आहे, पण १८ इंचीला इतक्या लवकर बाद करू नये. ती स्क्रीनपुरती मोठी नसते. आत उष्णता बाहेर काढणाऱ्या हीटसिंकला आणि पंख्यांना जास्त जागा असते. मोठा पंखा कमी वेगात तेवढीच हवा ढकलतो, म्हणून तेच कार्ड तेवढ्याच वॉटवर १८ इंचीत कमी आवाजात चालतं. १६ इंचीत १४० वॉटचं कार्ड आणि एचएक्स मालिकेतला, म्हणजे जास्त वीज खाणारा ताकदवान प्रोसेसर एकत्र पूर्ण जोरात चालले की पंख्यांचा आवाज हेडफोनशिवाय सोसत नाही. व्हॅलोरंटमध्ये पावलांचा कानोसा घ्यायचा असेल तर बंद कपांचे हेडफोन धरूनच चाला.

घेण्याआधी लॅपटॉपचे फोटो चारही बाजूंनी पाहा. गरम हवेची जाळी उजव्या कडेला असेल तर ती हवा थेट माउसच्या हातावर येते. मेमधल्या नागपुरात हे तासभरही सहन होत नाही. जाळ्या मागे असलेला निवडा. चार्जिंग आणि एचडीएमआयची पोर्टंही मागे असतील तर वायरी माउसच्या आड येत नाहीत.

आणि एमयूएक्स स्विच, म्हणजे कार्ड थेट स्क्रीनला जोडणारा स्विच, आहे का बघा. तो नसला तर मोठ्या कार्डाने काढलेली प्रत्येक फ्रेम प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्समधून फिरून स्क्रीनवर येते. सायबरपंकला फरक थोडा, व्हॅलोरंटसारख्या शेकडो फ्रेमच्या खेळाला बराच.

संत्रानगरी

सगळ्यांचे आभार, १७.३ बाद. तीन शंका आहेत. एक, तिसऱ्या पर्यायात रॅम १६ जीबीची एकच पट्टी आहे, ती नंतर वाढवली तर चालेल ना? दोन, उन्हाळ्यात खोलीत एसी नाही, कूलर आहे. लॅपटॉप कूलरसमोर ठेवला तर फायदा होईल का? तीन, वीज गेली तर बॅटरीवर खेळता येईल का?

वॉटमीटर

एकच पट्टी म्हणजे रॅमचा रस्ता अर्धा. व्हॅलोरंटमध्ये आणि फोर्झामध्ये प्रोसेसर ताणला जातो, तिथे याचा फटका बसतो, आणि सरासरीपेक्षा जास्त तो मधल्या झटक्यांमध्ये दिसतो. ८ च्या दोन हव्यात, १६ च्या दोन असतील तर उत्तम. 'नंतर टाकू' हा सल्ला पूर्वी बरोबर होता. २०२५ च्या अखेरीस डीडीआर५ चे भाव चढले, त्यामुळे आता ३२ जीबीच्या मॉडेलची किंमत आणि सुटी पट्टी दोन्ही शेजारी मांडून पाहा. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली नाही, दोन स्लॉट आहेत, हेही विचारून घ्या. आल्यावर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीवर क्लिक केलं की वापरात असलेले स्लॉट दिसतात.

बॅटरीवर खेळ होतो, पण नावापुरता. प्लग काढला की कार्डाची वीज एकदम घटते आणि फ्रेम कोसळतात. ९० वॉट-तासांची बॅटरी तशा घटलेल्या वेगातही तासाभरात संपते. वीज गेली तर फाइल जतन करून बंद करायला ती भरपूर. टाइप-सी चार्जर १०० वॉटचा असला तरी तो कामापुरता आणि प्रवासापुरता, खेळायला मूळ अडॅप्टरच लागतो. टेबलावर कायम प्लगला असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवून ठेवा, सतत १०० टक्के भरलेली बॅटरी गरमीत लवकर झिजते.

गरमहवा

कूलरचं उत्तर नीट लक्षात ठेवा: खोली गार करायला कूलर चालेल, लॅपटॉप त्याच्या झोतात नको. कूलरची हवा ओली असते, आणि जोरात असला तर बारीक तुषारही येतात. पंखे तीच हवा आत ओढतात. धूळ ओलसर होऊन हीटसिंकच्या पात्यांवर चिकटते आणि तिचा थर ब्रशने निघत नाही. कूलर खिडकीत, समोरचं दार किंवा खिडकी उघडी, आणि लॅपटॉप झोताच्या बाजूला, असं ठेवा.

खोलीचं तापमान जितकं वाढेल, साधारण तितकंच चिपचं वाढतं. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत ७५ वर असलेलं कार्ड मे महिन्यात ३७ अंशांच्या खोलीत नव्वदीकडे जायला बघेल. पण कार्ड ८७ अंशांच्या आसपास स्वतःच वेग उतरवतं. म्हणून उन्हाळ्यात फ्रेमची मर्यादा घाला: फोर्झाला ९०, सायबरपंकला ६०. मागची बाजू दोन-तीन सेंमी उचलून ठेवा, खालून हवा शिरायला वाट मिळते. प्रोसेसरचा बूस्ट थोडा कमी केला तर खेळात फरक क्वचित जाणवतो, तापमान मात्र चांगलं उतरतं. गादीवर, चादरीवर अजिबात नको.

काळोखातपाहा

उशिरा आले, पण आल्या दिवशीची तपासणी कोणी लिहिलेली नाही म्हणून लिहिते. बदलून मिळण्याची मुदत थोड्या दिवसांची असते आणि ती डिलिव्हरीपासून मोजतात, त्यामुळे खोकं त्याच दिवशी उघडा. फोडण्यापासून अखंड व्हिडिओ घ्या, त्यात खोक्यावरचा आणि लॅपटॉपच्या तळाचा सीरियल नंबर दोन्ही दिसू द्या.

आधी स्क्रीन. पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पाच रंग एकामागून एक पूर्ण पडद्यावर लावा. मेलेला पिक्सेल पांढऱ्यावर काळा ठिपका दिसतो, अडकलेला काळ्यावर रंगीत. मग खोलीत पूर्ण अंधार करून काळा रंग, ब्राइटनेस निम्म्यावर. कोपऱ्यांतून पिवळट उजेड झिरपत असेल तर तो बॅकलाइटचा. आयपीएस प्रकारच्या पॅनेलवर थोडा असतोच, पण एका कोपऱ्यात टॉर्चसारखा पट्टा असेल तर बदलून मागा. मोठ्या पडद्यावर हा दोष जास्त खुपतो, कारण सिनेमातले रात्रीचे प्रसंग तिथेच धुरकट होतात.

पॅनेलबद्दल आणखी एक, हे घेण्याआधीचं. एनटीएससी आणि एसआरजीबी ही पडदा किती रंग दाखवतो ते मोजायची मापं. '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं दिसलं तर नको. त्यात एसआरजीबीचे जेमतेम ६३ टक्के रंग येतात, लाल रंग विटकरी दिसतो, ब्लेंडरचं काम अशा पडद्यावर करू नये. '१०० टक्के एसआरजीबी' हवं. आणि २४० हर्ट्झवर एक फ्रेम साधारण ४.२ मिलिसेकंद टिकते. पिक्सेलला रंग बदलायला त्याहून बराच जास्त वेळ लागला तर हलत्या वस्तूमागे शेपूट दिसते. त्यामुळे हर्ट्झसोबत रिस्पॉन्स टाइमही विचारा.

मग बायोस आणि ड्रायव्हर अद्ययावत करा, प्लग लावून परफॉर्मन्स मोड निवडा आणि एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वॉट दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडं ठेवून अर्धा तास सायबरपंक चालवा. पहिल्या पाच मिनिटांचे आकडे मोजू नका, हीटसिंक तापायला तेवढा वेळ लागतोच. विसाव्या मिनिटाला कार्डाचे वॉट बघा. ५०७० टीआयला ११५ ते १४० मध्ये कुठेही असेल तर ठीक, वरचे २५ प्रोसेसर निवांत असतानाच मिळतात. ८०-९० वर घसरले असतील तर त्याच यादीत मर्यादेचं कारण येतं: 'थर्मल' लिहिलं असेल तर बहुधा हीटसिंक नीट बसलेला नाही, 'पॉवर' असेल तर आधी मोड आणि अडॅप्टर तपासा. भिंतीचा प्लग सैल असला, किंवा कमी वॉटचा अडॅप्टर लावला, तरी हेच होतं.

संत्रानगरी

मग तिसरा पर्याय, पण १६ जीबीच्या दोन पट्ट्यांचा, आणि जाळ्या मागे आहेत हे फोटोत पाहून. विक्रेत्याला वॉटचा आकडा आणि पॅनेलचे रंग दोन्ही आजच मेलवर विचारतो. अपघाती नुकसानीचं संरक्षण घ्यावं का, ते राहिलंच.

फूटपट्टी

रात्रीची बस आहे, तेव्हा घ्या. साधी वॉरंटी पडलेला, पाणी सांडलेला लॅपटॉप धरत नाही, आणि सगळ्यात महागडा भाग स्क्रीन असतो. हे संरक्षण ठरावीक दिवसांतच जोडता येतं, म्हणून बिल करतानाच विचारा, आणि दुरुस्ती घरी येऊन होते की सेवा केंद्रात न्यावा लागतो हेही त्याच वेळी. बसमध्ये लॅपटॉप डिकीत टाकू नका, अडॅप्टर मात्र वेगळ्या कप्प्यात ठेवा. तो किलोभराचा ठोकळा झाकणावर दाबला गेला तर पॅनेलवर पांढरे डाग उमटतात.