मदत हवी आहे: पुण्यात बैठकीची लावणी कुठे शिकता येईल?

नमस्कार मंडळी. बारा वर्षं कथक केलंय, आता व्यावसायिक कार्यक्रमांतून नाचते. आठवड्यातून एकदा तरी पहाटेची सिंहगड एक्सप्रेस पकडून अंधेरीच्या आरामनगरला ऑडिशन, डेक्कन क्वीन मिळाली तर तिने परत, की रात्री नऊपासून तालीम. जेवण बहुतेक वेळा गाडीतला वडापाव.

परवा एका ऑडिशनला लावणी करायला सांगितली. पाय चालले, पण समोरचे म्हणाले, "चक्कर छान आहे, नजर कुठाय?" खरं होतं. तीनतालच्या सोळा मात्रांत वाढलेली मी, ढोलकीच्या धुमाळी तालावर समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघत बसते आणि ओळ निघून जाते! नऊवारीचा काष्टाही बसताना सुटतो, ते वेगळंच.

मला तमाशाच्या फडावरची नाही, बसून अदाकारीची लावणी शिकायची आहे. संगीतबारीत, म्हणजे कलाकेंद्रांतल्या लावणीच्या पार्टीत काम केलेल्या, शिकवायला तयार असलेल्या कोणी ताई माहीत आहेत का? सकाळी सात ते नऊ एवढीच वेळ मोकळी असते. आठवड्यातून दोनदा गेलं तर पुरेल का? आणि कथकवाल्यांनो, तुम्ही ही ताठ पाठ कशी सोडवलीत? फी साधारण किती, तेही सांगा.